विजेची मोटार आणि तिच्या पेटीतील कच्चा माल

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात मुदखेड येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विजेवर चालणाऱ्या मोटारी, त्यांच्या बॅटऱ्यांना लागणारे खनिज पदार्थ, आणि ते पदार्थ हस्तगत करून उत्पादन वाढविण्यासाठी जगभरच्या कारखानदारांची चाललेली धडपड, हा आज माझ्या व्याख्यानाचा विषय आहे. मी कोणी शास्त्रज्ञ नव्हे. आयुष्याची उमेदीची वर्षे शाळेच्या फळ्यासमोर घालविलेला मी एक सेवानिवृत्त शिक्षक आहे. परंतु जे समजले ते सोप्या भाषेत दुसऱ्यास समजावून सांगणे, एवढा एक धंदा मी चाळीस वर्षे केला. तोच आज पुन्हा करणार आहे.

आपल्यापैकी एखादे आजोबा विचारतील, "गुरुजी, मुदखेडच्या माणसाला या उठाठेवी कशाला?" प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या स्थानकाच्या फलाटावरच सापडते. मनमाडहून निघालेला लोहमार्ग छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी आणि नांदेड असे करीत आपल्या मुदखेड जंक्शनात येतो, आणि येथून निजामाबाद, सिकंदराबाद, महबूबनगर, कर्नूल यांवरून थेट धोनला जातो. ह्या मार्गाच्या एका अंगास, संभाजीनगरजवळ पैठण तालुक्यात, बिडकीनची औद्योगिक वसाहत आहे. वर्षाला दहा लाख विजेच्या स्कूटर आणि त्यांच्या बॅटऱ्या करण्याचा कारखाना तेथे उभारणार असल्याचे एथर कंपनीने २०२४ च्या जूनमध्ये जाहीर केले. पाठोपाठ जुलैमध्ये टोयोटा किर्लोस्कर कंपनीने त्याच परिसरात सुमारे वीस हजार कोटी रुपये गुंतवून मोटारी बनविण्यासंबंधी महाराष्ट्र शासनाशी सामंजस्य करार केला. मार्गाच्या दुसऱ्या अंगास, तेलंगणातील महबूबनगरजवळ, अमर राजा कंपनीने लिथियम बॅटऱ्यांच्या मोठ्या कारखान्याचे काम २०२३ मध्ये हाती घेतले. एका टोकास गाडी आणि दुसऱ्या टोकास बॅटरी, असा हा मामला आहे. आणि मध्ये आपण आहोत. आगगाडी आपल्या दारावरून जाते आणि आपण तिच्याकडे नुसते पाहत राहतो, असे मागे पुष्कळदा झाले. या वेळी तसे होऊ नये, म्हणून हा विषय समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम ही बॅटरी म्हणजे काय, ते पाहू. आपल्या वीजबिलावर जे 'युनिट' छापलेले असते, तेच माप येथेही चालते. टाटा मोटर्सने २०२० च्या जानेवारीत 'नेक्सॉन' ही विजेची मोटार बाजारात आणली, तेव्हा तिच्या बॅटरीत ३०.२ युनिट वीज मावत असे. पुण्याजवळच्या चाकण येथे महिंद्र कंपनी ज्या मोटारी बनविते आणि ज्यांचे अनावरण २०२४ च्या नोव्हेंबरात झाले, त्यांत ५९ आणि ७९ युनिटांच्या बॅटऱ्या आहेत. म्हणजे आपल्यासारख्या मध्यम कुटुंबाची दहा-पंधरा दिवसांची वीज एका मोटारीच्या पेटीत साठविलेली असते.

वीज साठवावयाची कशात? आपल्या घरी इन्व्हर्टरखाली जी जड पेटी असते, तिच्यात शिसे आणि गंधकाम्ल असते. ती पेटी स्वस्त खरी, परंतु वजनाच्या मानाने तिच्यात वीज फार थोडी मावते. मोटार धावावयाची तर पेटी हलकी हवी. सर्व धातूंत हलका धातू लिथियम. तो पाण्यावरही तरंगतो. म्हणून शास्त्रज्ञांची दृष्टी त्याच्याकडे वळली. व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो या तिघांनी ही विद्या सिद्ध केली, १९९१ मध्ये जपानच्या सोनी कंपनीने असे घट विक्रीस आणले, आणि २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळाले. आज आपल्या खिशातील मोबाईलमध्ये जो घट आहे, त्याचेच हजारपट मोठे कुटुंब म्हणजे मोटारीची बॅटरी होय.

आता त्या पेटीचे झाकण उघडून आत काय आहे ते पाहा. साठ युनिटांच्या पेटीत शुद्ध लिथियम निघेल जेमतेम सहा-सात किलो, तर ग्रॅफाइट, म्हणजे मुलांच्या पेन्सिलीत असते तो काळा कार्बन, पन्नास किलोंच्या घरात लागतो. यांखेरीज तांबे आणि ॲल्युमिनियम लागते. काही जातींच्या घटांत निकेल, कोबाल्ट आणि मँगनीज असते. काहींत त्यांच्या जागी लोखंड आणि फॉस्फरस असतो. वाणसामानाची ही यादी लहानशी दिसते. परंतु हे सामान एका दुकानात मिळत नाही. कोणते कोठून आणावे लागते, ते ऐका.

लिथियम सर्वांत अधिक निघते ऑस्ट्रेलियातील खडकांतून, आणि पुष्कळसे दक्षिण अमेरिकेतील चिली देशाच्या अटाकामा वाळवंटातून. अटाकामात जमिनीखालचे खारे पाणी उपसून विस्तीर्ण उथळ तळ्यांत सोडतात. वर्ष-दीड वर्ष उन्हाने ते आटत जाते आणि मागे लिथियमचे क्षार राहतात. मिठागरासारखीच ही रीत. पण ही मिठागरे समुद्रकाठची नव्हेत. जगातील अत्यंत कोरड्या मुलखांपैकी तो एक मुलूख आहे, आणि भूगर्भातील पाणी असे उपसत राहिल्यास आपल्या झऱ्यांचे व कुरणांचे काय होईल, ही तेथील आदिवासींची चिंता आहे. लातूरकरांनी २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने आलेले पाणी भरून घेतले. ती चिंता त्यांना अधिक फोड करून सांगावयास नको.

कोबाल्टची कथा याहून करुण आहे. जगात खणल्या जाणाऱ्या कोबाल्टपैकी सुमारे सत्तर टक्के आफ्रिकेतील काँगो ह्या एका देशातून येते. तेथे मोठ्या खाणींबरोबर हाताने खणल्या जाणाऱ्या लहान खाणीही आहेत, आणि त्यांत मुलेसुद्धा राबताना आढळली आहेत. २०२५ च्या फेब्रुवारीत त्या देशाने कोबाल्टची निर्यात एकाएकी थांबविली आणि ऑक्टोबरपासून ती मोजूनमापून, वाटा ठरवून सुरू केली. निकेलमध्ये इंडोनेशिया अग्रेसर आहे. त्या देशाने २०२० पासून कच्चे निकेल बाहेर पाठविण्यास बंदी केली आणि परदेशी कारखानदारांस सांगितले, "माल हवा असेल तर भट्ट्या येथे घाला." भट्ट्या आल्या, धूरही आला, आणि रोजगारही आला. आणि ग्रॅफाइट? बॅटरीस लागते तेवढे शुद्ध ग्रॅफाइट दहांतील नऊ भागांहून अधिक एकट्या चीनमध्ये तयार होते.

येथे, बंधूंनो, या विषयाचे मर्म आहे. म्हणून क्षणभर लक्ष द्यावे. चीनच्या भूमीत लिथियम आहे, परंतु ऑस्ट्रेलियाहून कमी. कोबाल्ट तर जवळजवळ नाहीच. तरीही लिथियम आणि कोबाल्ट शुद्ध करण्याच्या जगातील एकंदर कामापैकी निम्म्याहून बराच अधिक भाग त्या देशाकडे आहे. दुसऱ्याच्या खाणीतील दगड आणावा, आपल्या भट्टीत शुद्ध करावा, आणि सर्व जगास विकावा, हा क्रम त्यांनी वीस-पंचवीस वर्षे चिकाटीने चालविला. खाण एकाची, मोटार दुसऱ्याची. परंतु दोघांच्या मधली किल्ली तिसऱ्याच्या कमरेला, अशी स्थिती आहे.

आपल्या मुदखेडच्या मोगऱ्याचेच पाहा ना. पहाटे दव उतरण्याच्या आत आपली माणसे कळ्या खुडतात. कळ्यांचा भाव किलोवर ठरतो, आणि तो दुसराच कोणी ठरवितो. त्याच कळ्या ओवून गजरा झाला, की भाव वितीवर होतो. फूल तेच, सुवासही तोच. मध्ये फक्त सुईदोरा आणि बोटांतील कसब आले. ज्याच्या हाती सुईदोरा, त्याच्या हाती भाव. आपल्या प्रांताने हा धडा कापसातही गिरविला आहे. नांदेडच्या उस्मानशाही गिरणीचा भोंगा चालू होता, तोवर या मुलखातील कापसाचे सूत आणि कापड याच मुलखात होत असे. भोंगा थांबला, आणि कापूस बाहेर जाऊन कापड परत विकत येऊ लागले. बॅटरीच्या बाबतीत जगातील मोठमोठे कारखानदार आज हाच धडा नव्याने शिकत आहेत.

तो त्यांना शिकविला किमतीच्या चढउताराने. लिथियमचा एक क्षार चीनच्या बाजारात २०२२ च्या नोव्हेंबरात टनाला सहा लाख युआनच्या जवळ गेला होता. पुढे सव्वा वर्षात तो एक लाखाच्या आसपास उतरला. लातूरच्या आडतीत बसणाऱ्यांना हा खेळ परका नाही. २०२१ च्या ऑगस्टात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेले होते, आणि दोन-तीन वर्षांत त्याच्या निम्म्याखाली आले. असा भाव हेलकावत असता, रोजच्या बाजारावर विसंबणाऱ्या तेलगिरणीवाल्याची झोप उडते. ज्याने हंगामातच कोठार भरले किंवा शेतकऱ्याशी आधीच बोली केली, तो निश्चिंत असतो. मोटार कारखानदारांचेही तसेच आहे. आज पायाभरणी केलेल्या कारखान्यातून दोन-तीन वर्षांनी गाड्या बाहेर पडावयाच्या, तर तेव्हाचा कच्चा माल आजच नक्की करावा लागतो. नाहीतर कारखाना उभा, कामगार हजर, आणि पेटी रिकामी!

मग हा माल नक्की करण्यासाठी कारखानदारांनी कोणते मार्ग धरले? माझ्या समजुतीप्रमाणे ते पाच आहेत.

पहिला मार्ग दीर्घ मुदतीच्या खरेदीकराराचा. खाणमालकाशी पाच-दहा वर्षांची बोली करावयाची. हा सर्वांत रुळलेला मार्ग.

दुसरा मार्ग खाणीतच भागीदार होण्याचा. अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीने २०२३ च्या जानेवारीत नेवाडा प्रांतातील एका लिथियमच्या खाणीसाठी पासष्ट कोटी डॉलर गुंतविण्याचे जाहीर केले. मोटार करणारी कंपनी खाणीची भागीदार झाली.

तिसरा मार्ग शुद्धीकरणाची भट्टी स्वतः घालण्याचा. टेस्ला कंपनीने त्याच वर्षी मे महिन्यात टेक्सास प्रांतात लिथियम शुद्ध करण्याच्या कारखान्याची पायाभरणी केली. बी. वाय. डी. ही चिनी कंपनी तर मूळची बॅटरीवाली. १९९५ मध्ये बॅटऱ्यांपासून तिने आरंभ केला, २००३ मध्ये ती मोटारींच्या धंद्यात उतरली, आणि २०२४ या एका वर्षात तिने बेचाळीस लाखांहून अधिक गाड्या विकल्या; त्यांत निव्वळ विजेच्या होत्या, तशाच वीज आणि पेट्रोल दोहोंवर चालणाऱ्याही होत्या. इतरांनी मोटारीकडून बॅटरीकडे प्रवास केला. हिने बॅटरीकडून मोटारीकडे केला, आणि ती पुढे गेली.

चौथा मार्ग पाककृतीच बदलण्याचा. निकेल महाग आणि कोबाल्ट दुर्मीळ, तर ते टाळून लोखंड आणि फॉस्फरस वापरावयाचे. अशी पेटी थोडी जड होते, परंतु स्वस्त पडते, पुष्कळ वर्षे टिकते, आणि पेट घेण्याचे भय तीत कमी असते. चाकणच्या ज्या महिंद्र मोटारींचा मी उल्लेख केला, त्यांत याच जातीचे घट आहेत. आणि ते घट येतात कोठून? बी. वाय. डी. कडून. गाडी आपली, पण तिचा प्राण अद्याप दूर देशीच्या पिंजऱ्यात, असे हे राक्षसाच्या गोष्टीतल्या पोपटासारखे आहे.

पाचवा मार्ग जुन्या बॅटऱ्या फोडून त्यांतील धातू परत काढण्याचा. त्याविषयी मी शेवटी बोलेन. कारण आपल्यासारख्यांच्या हाताला लागणारा मार्ग तोच आहे.

परंतु त्याआधी एक जुना इतिहास सांगतो, म्हणजे नुसता पैसा ओतून कच्चा माल हाती येत नाही, हे ध्यानात येईल. अमेरिकेचे मोटार कारखानदार हेन्री फोर्ड यांना टायरसाठी रबर लागे, आणि रबराचा व्यापार परक्यांच्या हाती होता. तेव्हा १९२८ मध्ये त्यांनी ब्राझीलच्या जंगलात तापाजोस नदीच्या काठी प्रचंड जमीन घेऊन रबराचे मळे लाविले आणि 'फोर्डलँडिया' नावाचे शहर वसविले. पैसा अमाप होता. परंतु रबराच्या झाडाची विद्या जवळ नव्हती. झाडे दाटीने लाविली, पानांवर रोग पडला आणि तो मळाभर पसरला. १९४५ मध्ये तो सारा पसारा मोठ्या तोट्यात ब्राझील सरकारला विकून कंपनी मोकळी झाली. जमीन विकत मिळते. विद्या विकत मिळत नाही, ती कमवावी लागते.

आता आपल्या देशाकडे आणि महाराष्ट्राकडे वळू. टाटा मोटर्सच्या विजेच्या गाड्यांची संख्या २०२३ च्या ऑगस्टात एक लाखावर गेली. उत्पादन वाढविण्यासाठी त्या कंपनीने गुजरातेतील साणंद येथला फोर्ड कंपनीचा बंद पडलेला कारखाना सातशे पंचवीस कोटी रुपयांना घेतला. आणि त्याच साणंदला टाटा समूहाने घट बनविण्याच्या कारखान्यासाठी २०२३ च्या जूनमध्ये तेरा हजार कोटींचा करार केला. त्याची योजलेली क्षमता वर्षाला वीस गिगावॅट-तास आहे. मुलांनो, हे गणित करून पाहा. एक गिगावॅट-तास म्हणजे दहा लाख युनिट. वीस म्हणजे दोन कोटी युनिट. एका मोटारीस पन्नास युनिटांची पेटी धरली, तर चार लाख मोटारींची सोय झाली. परंतु घट येथे बनला, तरी त्यात भरावयाचे लिथियम व ग्रॅफाइट पुन्हा बाहेरूनच आणावे लागणार, हेही त्या गणितातच आले.

दुसऱ्यावर विसंबल्याने काय होते, याचा प्रत्यय २०२५ मध्ये पुण्याच्या कारखान्यांस आला. विजेच्या गाडीच्या मोटारीत जे बळकट चुंबक असते, त्यास काही दुर्मीळ मृदा-धातू लागतात. त्यांच्या निर्यातीवर चीनने त्या वर्षीच्या एप्रिलात परवान्याचे बंधन घातले. काही महिन्यांतच चुंबकांची टंचाई पडली, आणि बजाज ऑटोसारख्या बलाढ्य कंपनीस आपल्या विजेच्या 'चेतक' स्कूटरचे उत्पादन पावसाळ्यात कमी करावे लागले. मूठभर वजनाच्या वस्तूवाचून सबंध गाडी अडली. घोड्याच्या नालाच्या खिळ्यावाचून लढाई अडावी, तसा हा प्रकार.

आपले केंद्र शासन या बाबतीत स्वस्थ बसलेले नाही. २०१९ मध्ये 'खनिज बिदेश इंडिया' ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तिच्या तीन भागीदारांपैकी एक, खनिज शोधाचे काम करणारी सरकारी कंपनी, आपल्या नागपूरची आहे. या कंपनीने २०२४ च्या जानेवारीत अर्जेंटिनाच्या कातामार्का प्रांतात पंधरा हजार सातशे हेक्टरांवर लिथियम शोधण्याचा करार केला. २०२५ च्या जानेवारीत महत्त्वाच्या खनिजांसाठी सोळा हजार तीनशे कोटी रुपयांच्या राष्ट्रीय अभियानास मंत्रिमंडळाने मान्यता दिली. जम्मूतील रियासी येथे एकोणसाठ लाख टनांचा लिथियमचा साठा असल्याचा अंदाज २०२३ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाला, तेव्हा गावोगावच्या पारांवर आनंदीआनंद झाला. परंतु साठ्याचा अंदाज म्हणजे धातू नव्हे. त्या पट्ट्याचा लिलाव पुकारला, तेव्हा पुरेसे बोली लावणारेच पुढे आले नाहीत. तो दगड फोडून धातू कसा आणि किती खर्चाने काढावयाचा, या प्रश्नाशी घोडे अडले. येथेही पुन्हा विद्येचाच प्रश्न आला.

आपल्या महाराष्ट्राजवळ काहीच नाही, असे मात्र समजू नये. भंडारा जिल्ह्यात तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजची उघडी खाण आहे. तेथील मँगनीज डायऑक्साइड, आपल्या हातबत्तीत घालतो त्या कोरड्या घटांसाठी कित्येक वर्षे वापरले जात आहे. नागपूरच्या 'मॉईल' या सरकारी कंपनीची ती खाण. दगडापासून विजेच्या साहाय्याने अधिक शुद्ध मँगनीज डायऑक्साइड बनविण्याचा कारखानाही तिने तेथेच घातलेला आहे. म्हणजे खनिजापासून घटाच्या मसाल्यापर्यंतची एक पायरी मराठी मुलखात माणसे चढलेली आहेत. आणि पुण्याच्या के. पी. आय. टी. कंपनीने तेथील 'आयसर' या विज्ञानसंस्थेच्या सहकार्याने सोडियमच्या बॅटरीची विद्या सिद्ध केल्याचे २०२३ च्या डिसेंबरात जाहीर केले. सोडियम म्हणजे आपल्या मिठातला धातू; त्यास ना अटाकामा हवे, ना काँगो. अशी पेटी लिथियमपेक्षा जड होते, हे खरे. परंतु रिक्षा, लहान गाड्या आणि घरगुती साठवण यांस ती पुढेमागे उपयोगी पडेल, अशी आशा आहे.

आमच्या पिढीने पेट्रोलची पराधीनता पाहिली आहे. १९७३ मध्ये अरब देशांनी हात आखडताच तेलाची किंमत काही महिन्यांत चौपट झाली. आजही आपला देश आपल्या गरजेच्या पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक खनिज तेल बाहेरून आणतो. तेव्हा कोणी म्हणेल, "तेलाचे जोखड काढून लिथियमचे घेतले, एवढेच ना?" वरवर पाहता आक्षेप बिनतोड दिसतो. परंतु दोहोंत एक मोठा भेद आहे, आणि तो विसरू नये. पेट्रोल जळून जाते. टाकी रिकामी झाली की धुराखेरीज काही उरत नाही. लिथियम जळत नाही. पंधरा वर्षे मोटार ओढून ती पेटी थकली, तरी तिच्यातील लिथियम, तांबे, निकेल, सारे आतच असते. एकदा देशात आलेला धातू देशातच राहू शकतो. अट एवढीच, की तो परत काढता आला पाहिजे.

यासाठीच २०२२ च्या ऑगस्टात केंद्र शासनाने बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे नियम केले. त्यांनुसार बॅटरी विकणाऱ्यावर ती परत गोळा करण्याची जबाबदारी आहे. आणि विजेच्या गाड्यांच्या नव्या बॅटऱ्यांत जुन्यातून काढलेला माल २०२७-२८ पासून निदान पाच टक्के, आणि २०३०-३१ पर्यंत वाढवीत वीस टक्के वापरावयाचा आहे. याचा व्यवहारातील अर्थ असा, की उद्याची खाण काँगोत नाही. ती आपल्या भंगाराच्या दुकानात आहे. शिशाच्या जुन्या बॅटऱ्या भंगारवाला आनंदाने तोलून घेतो, हे आपण पाहतोच. लिथियमच्या पेटीसही उद्या तसाच भाव येईल. परंतु दोहोंची जात वेगळी आहे. लिथियमची पेटी घण घालून फोडली, तर ती भडका घेते, आणि तिचा धूर विषारी असतो. ते काम विद्येने, नियमाने आणि योग्य साधनांनीच करावयाचे आहे.

म्हणून आपणां सर्वांस माझ्या चार सूचना आहेत.

पहिली, ज्यांच्या घरी विजेची स्कूटर किंवा मोटार येईल त्यांच्यासाठी. घेतेवेळी रंग आणि वेग विचारता, तसे हेही विचारा, की बॅटरी कोणत्या जातीची आहे, किती वर्षांची हमी आहे, आणि थकल्यावर ती परत कोण घेणार? उत्तर कागदावर लिहून घ्या. निकामी पेटी अंगणात किंवा गोठ्यात पडू देऊ नका, आणि मिळेल त्या भावाने फोडावयासही देऊ नका.

दुसरी, मुलामुलींच्या पालकांसाठी. बिडकीनला कारखाने येतील तेव्हा आपली मुले तेथे जातील, यात शंका नाही. परंतु कोणत्या दारातून जातील? फाटकावर शिट्टी घेऊन उभी राहतील, की प्रयोगशाळेत परीक्षानळी घेऊन? दोन्ही कामे प्रामाणिक आहेत, आणि मी कोणत्याही श्रमास हीन म्हणणार नाही. पण किल्ली कोणाच्या कमरेला असते, ते आपण आताच पाहिले. आपल्याकडे हुशार मूल म्हणजे डॉक्टर, आणि ते न जमल्यास संगणक, असा ठरीव हिशेब झाला आहे. रसायनशास्त्र, धातुशास्त्र, विद्युत् अभियांत्रिकी, हे विषय मागच्या बाकावर बसविलेले आहेत. त्यांना पुढे बोलवा. तंत्रनिकेतनातील पदविका किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील विजेचा अभ्यासक्रम, यांस कमी लेखू नका.

तिसरी, आपल्या तरुण कारागिरांसाठी. मुदखेड, भोकर, उमरी येथे मोटारसायकली दुरुस्त करणारी आपली पुष्कळ मुले आहेत. कार्बोरेटर साफ करण्याचे त्यांचे कसब वाखाणण्यासारखे आहे; परंतु विजेच्या गाडीला कार्बोरेटर नसतो. मीटर लावून घट तपासणे, पेटीतील नेमका दुबळा घट ओळखणे, मोटारीसाठी थकलेली परंतु घरच्या दिव्यापंख्यास पुरेशी बॅटरी निवडून काढणे, ही नवी कामे आहेत. आज रीतसर शिकला, तो दहा वर्षांनी उस्ताद होईल.

चौथी सूचना आपणां सर्वांच्या सदसद्विवेकबुद्धीसाठी. आपल्या गाडीतून धूर निघत नाही, म्हणून तिचा भार कोणावरच पडत नाही, असे नाही. तो अटाकामाच्या पाण्यावर, काँगोच्या मुलांवर, इंडोनेशियाच्या जंगलावर थोडाथोडा पडतो. यासाठी गाडीच घेऊ नये, असे माझे म्हणणे नाही. पेट्रोलचाही भार कोणावर तरी पडतच होता. गरजेपुरती गाडी घ्यावी, ती पुरती वापरावी, आणि तिच्यातील धातू पुन्हा कामास लावावा, म्हणजे त्या भाराचे ऋण काही अंशी तरी फिटते. आपल्या आजीने फाटक्या लुगड्याची गोधडी केली आणि गोधडी विरल्यावर तिचे पोतेरे केले. या शहाणपणास आज शास्त्राचे मोठे नाव मिळाले आहे. आपल्या घरी ते पूर्वीपासून होते.

बंधुभगिनींनो, आपल्या मराठवाड्याच्या काळ्या भुईत लिथियम नाही, कोबाल्ट नाही, निकेलही नाही. त्याचे दुःख करण्याचे कारण नाही. ज्यांच्याकडे हे सारे आहे ते देश श्रीमंत झालेच, असे दिसत नाही. आणि ज्यांनी ते शुद्ध करण्याची विद्या कष्टाने मिळविली, ते मात्र निश्चित झाले. भुईत काय आहे, हे आपल्या हाती नव्हते. मुलांच्या डोक्यात आणि हातांत काय घालावयाचे, एवढे मात्र आपल्याच हाती आहे.